अल-ख्वारिझ्मी: वारसाच्या वाटणीपासून घरच्या फ्रिजपर्यंत

मुलांच्या तोंडी ‘अल्जेब्रा’ हा शब्द रोज असतो. तो कुठून आला, हे मात्र आपण घरात क्वचितच सांगतो.

मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिझ्मी यांचा जन्म साधारण ७८० सालचा. ख्वारिझ्म हा मध्य आशियातला प्रदेश, पण त्यांचं काम झालं बगदादमध्ये. खलिफा अल-मामून यांच्या कारकिर्दीत (८१३ ते ८३३) ते बैतुल हिकमात होते. भारतीय अंकांनी हिशेब कसा करायचा, यावर त्यांनी पुस्तक लिहिलं. ८२० च्या सुमारास ‘अल-जबर वल-मुकाबला’वरचा ग्रंथ लिहिला. तो लिहिण्यामागे रोजच्या गरजा होत्या: वारसाची वाटणी, व्यापार, जमिनीची मोजणी. ग्रंथाचा मोठा भाग वसीयत आणि वारसाच्या हिशेबांचाच आहे. चिन्हं नाहीत, सगळं शब्दांत.

जबर म्हणजे वजा झालेलं भरून काढणं. मोडलेलं हाड बसवण्यालाही अरबीत हाच शब्द आहे. मुकाबला म्हणजे दोन्ही बाजूंचं सारखं तेवढं काढून टाकणं.

थर्मामीटर त्यांच्यानंतर कित्येक शतकांनी आला. पण त्यांची रीत आज खारदांड्यातल्या घरातही कामाला येते. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचं असतं. समजा, फ्रिजमधला थर्मामीटर फॅरनहाइटचा आहे. मग काय करायचं?

फॅरनहाइटमधून ३२ वजा करून ५/९ ने गुणलं की सेल्सिअस मिळतं. हे उत्तर २ पेक्षा कमी नको आणि ८ पेक्षा जास्तही नको. दोन्ही अटी एकदम पाळायच्या, हीच संयुक्त असमानता. आता उलट जाऊ. २ आणि ८, दोन्हींना ९/५ ने गुणू: ३.६ आणि १४.४. वजा झालेले ३२ भरून काढू: ३५.६ आणि ४६.४. हाच तो जबर! म्हणजे काटा ३५.६ ते ४६.४ मध्ये हवा. ३२ ला इन्सुलिन गोठू शकतं, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वापरायचं नसतं.

साधारण ८५० साली अल-ख्वारिझ्मी वारले. बाराव्या शतकात त्यांची पुस्तकं लॅटिनमध्ये गेली. ‘अल-जबर’चं ‘अल्जेब्रा’ झालं आणि त्यांच्या नावावरून ‘अल्गोरिदम’ आला. मुलांना हे जरूर सांगू या, आणि फ्रिजचा हिशेब त्यांच्याकडूनच करून घेऊ या.