मुलांना वेदीजवळ आणणारे पोप : संत दहावे पायस



येत्या २१ ऑगस्टला संत दहावे पायस यांचा सण आहे. गोरेगावच्या ज्या सेमिनरीत आपल्या भागातील अनेक धर्मगुरू घडले, तिला याच संताचे नाव आहे. तरीही आपल्याकडे त्यांच्याविषयी फारसे बोलले जात नाही. संत अंतोनीची नोव्हेना कधी सुरू होते ते सर्वांना ठाऊक असते, पण आपले सात-आठ वर्षांचे मूल पांढरे कपडे घालून ख्रिस्तशरीर घ्यायला वेदीसमोर येते ते कोणामुळे, हे विचारले तर आईवडील एकमेकांकडे पाहतात. म्हणून या रविवारी त्यांचे चरित्र सांगावे असे आम्हांला वाटले.

ज्युसेप्पे सार्तो हे त्यांचे मूळ नाव. जन्म २ जून १८३५, उत्तर इटलीतील रिएसे या खेड्यात. तो मुलूख तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता. वडील गावच्या कचेरीत शिपाई. टपालही तेच वाटीत. आई शिवणकाम करी. (सार्तो या शब्दाचा अर्थही शिंपी असाच आहे!) एकंदर दहा मुले झाली, पहिले तान्हेपणीच गेले, त्यामुळे ज्युसेप्पे घरात थोरला. पुढच्या शिक्षणासाठी तो कास्तेलफ्रांकोला रोज पायी जाई आणि बूट झिजू नयेत म्हणून ते हातात घेऊन अनवाणी चाले, असे सांगतात. १८५० साली शिष्यवृत्ती मिळून तो पादुआच्या सेमिनरीत दाखल झाला. दोनच वर्षांत वडील वारले. घरात खाणारी तोंडे पुष्कळ आणि कमावणारी एकटी आई. अशा वेळी थोरल्या मुलाला परत बोलावणे कोणालाही गैर वाटले नसते. त्या माउलीने तसे केले नाही. १८ सप्टेंबर १८५८ रोजी ज्युसेप्पेला गुरुदीक्षा मिळाली.

पुढची सतरा वर्षे हा माणूस खेड्यातला धर्मगुरू होता, हे नीट लक्षात घ्यायला हवे. पोप झाल्यावर त्यांनी जे केले त्याची मुळे या सतरा वर्षांत आहेत. तोम्बोलो हे गुरांच्या व्यापाऱ्यांचे गाव. तेथे त्यांनी सहायक धर्मगुरू म्हणून नऊ वर्षे काढली. लिहिता-वाचता न येणाऱ्या मोठ्या माणसांसाठी रात्रीचा वर्ग काढला. फी एवढीच की, शिव्याशाप द्यायचे नाहीत. गावच्या पोरांना जमवून त्यांना ग्रेगोरियन गायन शिकवले. १८६७ साली ते साल्झानोचे प्रमुख धर्मगुरू झाले. तेथे त्यांनी भाविकांसाठी प्रश्नोत्तरांच्या रूपात धर्मशिक्षण तयार केले. १८७३ साली पटकीची साथ आली तेव्हा रात्रंदिवस रोग्यांच्या घरी जाणे आणि मेलेल्यांना मूठमाती देणे हेच त्यांचे काम होऊन बसले.

नंतरच्या पायऱ्या भराभर सांगतो. त्रेव्हिझो येथे धर्मप्रांताचे कामकाज आणि सेमिनरीतील आध्यात्मिक मार्गदर्शन. १८८४ साली मांतुआचे महागुरू. १८९३ साली कार्डिनल आणि व्हेनिसचे पॅट्रिआर्क. इटलीच्या सरकारने मान्यता अडवून धरल्यामुळे व्हेनिसला पोहोचायला १८९४ साल उजाडले.

२० जुलै १९०३ रोजी पोप तेरावे लिओ वारले. पोपच्या निवडणुकीसाठी रोमला निघताना कार्डिनल सार्तो यांनी रेल्वेचे परतीचे तिकीट काढले होते, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. निवडणुकीत कार्डिनल राम्पोला पुढे होते, पण ऑस्ट्रियाच्या सम्राटाने आपला जुना हक्क वापरून त्यांच्या नावाला मनाई कळवली. अखेर ४ ऑगस्टला सार्तो निवडून आले. त्यांनी रडत नकार दिला होता. मोठ्या मिनतवारीने ते तयार झाले. पुढच्याच वर्षी त्यांनी राजेरजवाड्यांचा तो मनाईहक्क कायमचा मोडीत काढला. ज्या हक्कामुळे आपल्या निवडीची वाट मोकळी झाली तोच त्यांनी मोडला, याची आम्हांला गंमत वाटते. त्यांच्या बहिणी व्हॅटिकनजवळ साध्या घरात राहिल्या. त्यांना कसलेही सरदारकीचे किताब त्यांनी दिले नाहीत.

पोप झाल्यावर चार महिन्यांच्या आतच, २२ नोव्हेंबर १९०३ रोजी, म्हणजे संगीताची आश्रयदाती संत सिसिलिया हिच्या सणाला, त्यांनी उपासनेतील संगीताविषयी आदेश काढला. त्या काळी इटलीतील चर्चमध्ये ऑर्गनवर ऑपेराच्या चाली वाजत. लोक मिस्सेला येत आणि गाणाऱ्याचा गळा ऐकून जात. पोपनी नाटकी संगीत बंद केले, पियानो आणि ढोल-झांजांना मनाई केली आणि ग्रेगोरियन गायनाला पहिला मान दिला. त्या आदेशात गायनवृंदातून स्त्रियांना वगळलेही होते. आज आपला गायनवृंद ज्यांच्या जिवावर चालतो त्या भगिनींना हे वाचून राग येईल, आणि तो रास्त आहे. पुढे ते बंधन गळून पडले. मात्र भाविकांनी उपासनेत स्वतः सक्रिय भाग घ्यावा, नुसते प्रेक्षक होऊ नये, हा विचारही त्याच आदेशात आहे. साठ वर्षांनी, १९६३ साली, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयी जो दस्तऐवज मंजूर केला त्यात हाच विचार कणा होऊन बसला. आपण आज मराठीतून मिस्साला उत्तरे देतो त्यामागे लॅटिनवर जीव असलेल्या या पोपचाही हात आहे. लग्नाच्या मिस्सेसाठी सिनेमाच्या चालीवरचे गीत मागणाऱ्या आमच्या तरुणांनी मात्र त्यांच्यासमोर उभे राहण्याचे धाडस करू नये!

आता मुख्य गोष्ट. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी श्रद्धावान माणूसही ख्रिस्तशरीर वर्षातून मोजक्या वेळा घेई. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये यान्सेनवाद नावाची कडक विचारसरणी पसरली होती. तिचा पगडा मोठा होता. आपण पापी, आपली लायकी नाही, म्हणून दूरच राहावे, यालाच लोक भक्ती समजू लागले. मुलांना तर दहा-बारा, कोठे चौदा वर्षांपर्यंत थांबावे लागे. दहाव्या पायसनी १९०५ च्या डिसेंबरात जाहीर करवले की, माणूस कृपावस्थेत असेल आणि त्याचा हेतू शुद्ध असेल तर त्याने वारंवार, अगदी रोजही ख्रिस्तशरीर घ्यावे. ते औषध आहे, चांगल्या वागणुकीचे बक्षीस नव्हे, असा त्यामागचा विचार. ८ ऑगस्ट १९१० रोजी दुसरा आदेश निघाला: साधारण सात वर्षांच्या मुलाला साधी भाकर आणि ख्रिस्तशरीर यांतला फरक कळत असेल, श्रद्धेची मूळ तत्त्वे त्याच्या वयाप्रमाणे समजत असतील, तर त्याला अडवू नये.

यावर पुष्कळ धर्माधिकारी नाराज झाले. फ्रान्समध्ये तर भीती अशी की, मुलांना एवढ्या लवकर ख्रिस्तशरीर दिले तर ती पुढे धर्मशिक्षणाला येणार कशाला? भीती अगदीच खोटी नव्हती. आमच्या धर्मशिक्षिकांना विचारा. प्रथम ख्रिस्तशरीराच्या समारंभाला हॉल, केटरिंग, व्हिडिओ सारे काही होते आणि पुढच्या रविवारी बाकांवर निम्मी मुले नसतात. परंतु पोपनी हे ओळखले होते. म्हणून १९०५ सालीच त्यांनी प्रत्येक धर्मग्रामात दर रविवारी व सणाला तासभर धर्मशिक्षण सक्तीचे केले होते, आणि स्वतःही रविवारी व्हॅटिकनच्या अंगणात रोमच्या लोकांना सोपे उपदेश करीत. शिवाय हा आदेश त्यांच्या मते नवा नव्हताच. १२१५ सालच्या लॅटरन परिषदेने समज येण्याचे वय हीच अट घातली होती. मधल्या शतकांनी वय वाढवून ठेवले होते. जुन्याचे रक्षण म्हणजे आजोबांच्या वेळी होते तसे ठेवणे, असे आपल्याला वाटते. दहावे पायस आजोबांच्याही मागे गेले, आणि म्हणूनच एवढा मोठा बदल करू शकले. १९११ साली त्यांनी धर्मगुरूंच्या प्रार्थनापुस्तकातील स्तोत्रांची शतकानुशतकांची मांडणीही बदलली.

आधुनिक विचारांशी त्यांचा जो झगडा झाला तो सांगितल्याशिवाय हे चरित्र खरे होणार नाही. आल्फ्रेड ल्वाझी, जॉर्ज टिरेल यांच्यासारखे विद्वान म्हणू लागले होते की, धर्मसिद्धान्त ही माणसाच्या आतल्या धार्मिक भावनेची रूपे आहेत आणि काळाप्रमाणे ती बदलणारच. १९०७ साली पोपनी परिपत्रक काढून या आधुनिकतावादाचा निषेध केला. तत्त्वज्ञान शिकलेल्या माणसाला त्यांचा मुद्दा पटतो. श्रद्धा जर केवळ आपल्या मनाची भावना असेल तर सण आला की ती येते, सण गेला की जाते. तिच्यासाठी कोणी जीव देणार नाही. पण उपाय फार कठोर झाला. धर्मप्रांतांत पाळत ठेवणाऱ्या समित्या आल्या, १९१० साली धर्मगुरूंना शपथ आली. मोन्सिन्योर बेनिन्यी यांच्या गुप्त जाळ्याने निष्ठावंत माणसांवरही चुगल्या रचल्या. येरुशलेममध्ये बायबलचा अभ्यास उभारणारे डोमिनिकन फादर लाग्रांज यांना १९१२ साली काही काळ ते शहर सोडावे लागले. पोपना संतपद देताना याच प्रकरणाची वेगळी छाननी झाली. आमचे मत असे की, त्यांना धोका बरोबर दिसला होता, पण घाबरलेल्या माणसांच्या हाती त्यांनी नको तेवढी काठी दिली. ते जाळे १९२१ साली बंद झाले, शपथ १९६७ साली गेली.

ऑगस्ट १९१४ मध्ये युरोपात महायुद्ध पेटले. सर्व काही ख्रिस्तामध्ये पुन्हा उभे करावे हे ध्येय घेऊन गादीवर आलेल्या या वृद्धाला ते सहन झाले नाही. २० ऑगस्टला त्यांनी प्राण सोडला. मृत्युपत्रात गरिबीतच मरण यावे अशी इच्छा होती आणि तसेच झाले. १९५१ साली ते धन्य व २९ मे १९५४ रोजी संत घोषित झाले.

व्हेनिसचे लोक त्या परतीच्या तिकिटाची गोष्ट विसरले नव्हते. १९५९ साली पोप तेविसावे जॉन यांनी संताचे शरीर रोमहून रेल्वेने व्हेनिसला पाठवले आणि महिनाभर ते तेथे राहिले. हे जॉन स्वतः व्हेनिसचे पॅट्रिआर्क होते, आणि तरुणपणी आधुनिकतावादाच्या संशयाने त्यांच्याही नावाची नोंद रोमच्या कचेरीत झाली होती.

सणाच्या दिवशी सकाळच्या मिस्साला यंदा प्रथम ख्रिस्तशरीर घेतलेल्या मुलांना पालकांनी आवर्जून आणावे. समारंभाचे कपडे नकोत, शाळेचा गणवेश चालेल.

आपला धर्मगुरू