सूर्यावर बर्फ बनवणारे मास्तर, आणि कुलाब्याच्या बंगल्यात सुटलेलं त्यांचं कोडं

बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यात चकलांबा नावाचं गाव आहे. इथे उन्हाची कमी नाही. मार्च लागला की माणसं, जनावरं आणि गाड्या, सगळेच लिंबाची सावली शोधतात.

समजा, टेम्पो ट्रॅव्हलरची कॅम्परव्हॅन करून फिरणारं एखादं कुटुंब इथे मुक्कामाला थांबलं. गाडी सावलीत लावली तर टपावरचं सोलर पॅनल बसून राहतं. उन्हात लावली तर आत बसवत नाही. ऊसतोडीला निघालेल्या टोळ्यांनाही हीच अडचण वेगळ्या रूपात येते. मुक्काम बदलत राहतो, पण दिवा आणि मोबाइल रोज चार्ज व्हायलाच हवेत.

उपाय सोपा वाटतो. एक घडीचं पॅनल घ्यायचं, ते उन्हात मांडायचं आणि वायर गाडीपर्यंत आणायची. पण आधीपासून बसवलेल्या यंत्रणेला नवा तुकडा जोडायचा कसा? हा प्रश्न सोलर पॅनलपेक्षाही जुना आहे. तो पहिल्यांदा अडला फ्रान्समधल्या एका गणिताच्या मास्तरांना, आणि त्याचं उत्तर निघालं थेट मुंबईतल्या कुलाब्यात.

त्या मास्तरांचं नाव ऑगस्टिन मूशो.

कोळसा संपला तर?

मूशो यांचा जन्म ७ एप्रिल १८२५ रोजी फ्रान्समधल्या सेमूर-आँ-ऑक्सुआ या गावात झाला. घरची परिस्थिती साधारण होती. सुरुवातीला त्यांनी लहान गावांतल्या शाळांमध्ये शिकवलं, नोकरी करता करता गणित आणि भौतिकशास्त्राच्या पदव्या घेतल्या आणि मग मोठ्या शाळांत गणित शिकवू लागले. आधी आलाँसों, पुढे तूर, अशी त्यांची नोकरी चालली.

तो काळ वाफेच्या इंजिनाचा होता. कारखाने, रेल्वे, जहाजं, सगळं कोळशावर चालायचं. फ्रान्सकडे स्वतःचा कोळसा कमी, त्यामुळे बाहेरून विकत घ्यावा लागे. मूशो यांना एकच गोष्ट खटकत होती. जमिनीतला कोळसा एक ना एक दिवस संपणार, मग हे कारखाने कशावर चालणार?

१८६० मध्ये त्यांनी उत्तर शोधायला सुरुवात केली. त्याआधी जवळपास १०० वर्षांपूर्वी, १७६७ मध्ये स्वित्झर्लंडच्या होरास द सोस्यूर यांनी काचेची झाकणं लावलेली पेटी उन्हात ठेवून ती किती तापते हे पाहिलं होतं. काच ऊन आत येऊ देते, पण उष्णता सहज बाहेर जाऊ देत नाही. मूशो यांनी या पेटीला आरशाची जोड दिली. काळं केलेलं पाण्याचं भांडं, त्यावर काचेचं आवरण आणि भोवतीचं ऊन त्या भांड्यावर फेकणारा आरसा. पाण्याची वाफ झाली आणि वाफेवर छोटं इंजिन फिरलं.

१८६६ मध्ये हे यंत्र सम्राट तिसऱ्या नेपोलियनला दाखवण्यात आलं. १८६९ मध्ये सूर्याच्या उष्णतेचा उद्योगात वापर या विषयावर मूशो यांचं पुस्तक निघालं. आता गाडी रुळावर आली असं वाटत असतानाच १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलं. सम्राटाची गादी गेली, पॅरिसला वेढा पडला आणि त्या धामधुमीत मूशो यांचं यंत्रही गहाळ झालं.

मास्तरांनी उन्हावर बर्फ केला

मूशो यांनी पुन्हा शून्यापासून सुरुवात केली. तूर शहरात त्यांनी आधीपेक्षा मोठं यंत्र उभारलं. दिव्याची शेड उलटी धरल्यावर दिसेल तसा धातूचा आरसा आणि मधोमध उभं बॉयलर. शाळेतल्या मास्तरांचं हे यंत्र गावात कुतूहलाचा विषय झालं.

मग सरकारची नजर अल्जिरियाकडे वळली. तिथे तेव्हा फ्रान्सची सत्ता होती. ऊन भरपूर, कोळसा नाही. मूशो तिथे प्रयोग करायला गेले. आफ्रिकेतल्या फ्रेंच सैनिकांसाठी त्यांनी सोबत नेता येतील अशा लहान सूर्यचुलीही बनवल्या. मुक्काम पडला की चूल मांडायची, ऊन असेपर्यंत शिजवायचं आणि पुढे निघायचं. आज घडीचं पॅनल डिकीत टाकून फिरणाऱ्यांची कल्पना हीच आहे.

१८७८ मध्ये पॅरिसला जागतिक प्रदर्शन भरलं. मूशो आणि त्यांचे सहकारी आबेल पिफ्र यांनी तिथे सुमारे २० चौरस मीटरचा आरसा उभा केला. त्याच्या वाफेवर पंप चालला, अन्न शिजलं. शेवटी त्यांनी ती उष्णता शीतयंत्राला जोडली आणि भर उन्हात सूर्याच्या जोरावर बर्फाची लादी तयार करून दाखवली. मूशो यांना सुवर्णपदक मिळालं.

पण यात एक मेख होती. ताकद वाढवायची तर आरसा मोठा करावा लागे. आरसा मोठा झाला की वजन वाढे, खर्च वाढे, आणि सूर्यासोबत अख्खं धूड फिरवणं अवघड होई. जास्त ताकद हवी म्हणून पुढच्या वर्षी अजून एक तुकडा जोडू, अशी सोय त्या यंत्रात नव्हती.

कुलाब्यातले ७२ आरसे

इकडे मुंबईत गिरण्यांची धुरांडी वाढत होती. कोळसा समुद्रमार्गे लांबून यायचा आणि महाग पडायचा. सरकारी नोकरीतल्या विल्यम अॅडम्स नावाच्या इंग्रज गृहस्थांच्या वाचनात मूशो यांचं काम आलं. डेप्युटी रजिस्ट्रार असलेले हे अॅडम्स १८७६ च्या सुमारास स्वतःच प्रयोगाला लागले.

त्यांना मूशो यांच्या यंत्रात तीन दोष दिसले. धातूचा आरसा लवकर काळवंडतो, तो महाग पडतो, आणि फिरवायला जड जातो. म्हणून त्यांनी एका मोठ्या आरशाचा नाद सोडला. साधे सपाट, मागे चांदीचा मुलामा दिलेले, १७ इंच लांब आणि १० इंच रुंद काचेचे आरसे घेतले. ते एका मांडणीवर अर्धवर्तुळात लावले. बॉयलर जागेवर स्थिर. ऊन सरकलं की आरशांची मांडणी रुळावरून थोडी पुढे ढकलायची. दिवसातून तीन-चार वेळा एका मजुराने ढकलली तरी काम भागायचं.

खरी गंमत पुढे आहे. अॅडम्स यांनी सगळे आरसे एकदम लावले नाहीत. ते एकेक आरसा वाढवत गेले आणि दर वेळी तापमान किती चढलं ते मोजत गेले. त्यावरून हिशेब निघाला की हव्या तेवढ्या उष्णतेसाठी ७२ आरसे लागतील. म्हणजे सगळे मिळून साधारण ८ चौरस मीटर. आरशांच्या झोतात लाकूड धरलं तर ते लगेच पेट घेई.

मिडल कुलाब्यातल्या आपल्या बंगल्याच्या आवारात त्यांनी अडीच अश्वशक्तीचं वाफेचं इंजिन पंधरा दिवस दिवसाउजेडी उन्हावर चालवलं. लष्करी अधिकारी, न्यायाधीश, गिरणीमालक ते पाहायला आले. सूर्याने कोळशाची जागा पूर्ण घ्यावी हे स्थानिक इंजिनिअरांना पटलं नाही, पण कोळशाला जोड म्हणून हे चालेल, असं त्यांचं मत पडलं. अॅडम्स यांनी सूर्यचूलही बनवली आणि जानेवारीच्या मुंबईतल्या थंडीत तिच्यावर सात सैनिकांचं जेवण दोन तासांत शिजवून दाखवलं. १८७८ मध्ये या सगळ्यावरचं त्यांचं पुस्तक मुंबईतच छापलं गेलं.

मूशो यांनी सूर्याला कामाला लावलं. ते काम तुकड्या-तुकड्याने वाढवता येतं, हे मुंबईने दाखवलं.

आता गाडीच्या पॅनलकडे या

अॅडम्स यांच्या आरशांना एक अट होती. प्रत्येकाचा झोत त्याच बॉयलरवर पडला पाहिजे आणि बॉयलरला तो सोसला पाहिजे. टपावरच्या पॅनलला घडीचं पॅनल जोडतानाही हेच लागू होतं. इथे बॉयलरच्या जागी आहेत चार्ज कंट्रोलर आणि बॅटरी.

पहिली गोष्ट व्होल्टेजची. बाजारात ज्याला १२ व्होल्टचं पॅनल म्हणतात ते उन्हात साधारण १८ व्होल्टवर काम करतं, आणि काहीही जोडलेलं नसताना २२ व्होल्टच्या आसपास दाखवतं. दोन पॅनल पॅरलल जोडली तर करंटची बेरीज होते, पण दोघांचं व्होल्टेज जवळपास सारखं हवं. सिरीजमध्ये जोडली तर व्होल्टेजची बेरीज होते, आणि करंट मात्र कमजोर पॅनलएवढाच मिळतो. एक सावलीत आणि एक उन्हात असेल तर सिरीज तोट्याची. दोन्ही प्रकारांत बेरीज कंट्रोलरवर लिहिलेल्या मर्यादेत बसते का, हे आधी पाहायचं.

दुसरी गोष्ट कंट्रोलरची. घडीच्या अनेक पॅनलला मागे स्वतःचा छोटा कंट्रोलर असतो. त्याची वायर गाडीच्या कंट्रोलरमध्ये घालायची नाही. एकामागे एक दोन कंट्रोलर लावले की ते एकमेकांच्या कामात अडथळा आणतात. एकतर पॅनलची वायर थेट गाडीच्या कंट्रोलरला द्यायची, नाहीतर पॅनलचा कंट्रोलर स्वतंत्रपणे बॅटरीला जोडायचा. जुनं आणि नवं पॅनल वेगळ्या जातीचं असेल तर दुसरा मार्ग बरा. बॅटरीजवळ फ्यूज हवाच, आणि वायर जितकी लांब तितकी ती जाड हवी.

तिसरी गोष्ट तोंड कुठे करायचं याची. चकलांबा साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरात इथे भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. टपावर आडव्या पडलेल्या पॅनलला तेव्हा थेट उन्हाचा साधारण पाऊण हिस्साच मिळतो. घडीचं पॅनल दक्षिणेकडे तोंड करून कलतं ठेवलं आणि दिवसातून दोन-तीनदा वळवलं तर ती घट भरून निघते. कुलाब्यातला मजूर आरशांची मांडणी ढकलायचा, तेच हे काम. उन्हाळ्यात उलट पॅनल तापून वीज कमी होते, म्हणून खालून वारा खेळेल असं उभं करायचं.

शेवटी मास्तरांचं काय झालं?

सुवर्णपदकानंतर मूशो यांचे दिवस पालटायला हवे होते. झालं उलटंच. रेल्वे आणि व्यापार करारांमुळे फ्रान्समध्ये कोळसा स्वस्त झाला. सरकारने सूर्ययंत्राच्या चाचण्या घेतल्या. निष्कर्ष असा निघाला की यंत्र चालतं, पण खर्च परवडत नाही. पैसा आटला. पिफ्र यांनी १८८२ मध्ये पॅरिसच्या त्युलेरी बागेत उन्हावर छापखाना चालवून एक वर्तमानपत्र छापून दाखवलं. लोकांनी कौतुक केलं आणि ते घरी गेले.

मूशो सूर्याचा नाद सोडून गणिताकडे परतले. म्हातारपण पॅरिसमध्ये हलाखीत गेलं. ४ ऑक्टोबर १९१२ रोजी वयाच्या ८७ व्या वर्षी ते वारले.

त्यांचं गणित चुकलं नव्हतं, त्या काळचा भाव त्यांच्या विरोधात होता. सूर्ययंत्र पूर्ण कोळशाच्या बदल्यात तोललं गेलं आणि तिथे ते हरलं. कोळशाला जोड म्हणून त्याचा विचार करावा, हे मुंबईच्या इंजिनिअरांचं म्हणणं फारसं कुणी मनावर घेतलं नाही. सिलिकॉनचा सौर सेल १९५४ मध्ये अमेरिकेच्या बेल लॅबमध्ये तयार झाला, आणि त्यानंतर काही दशकांनी तो सामान्य माणसाच्या खिशाला परवडू लागला.

म्हणून आज गाडीची बॅटरी पुरत नसेल तर सगळी यंत्रणा उपटून नवी बसवायची गरज नसते. एक तुकडा वाढवायचा, किती फरक पडला ते मोजायचं, आणि गरज असेल तरच पुढचा घ्यायचा. कोळसा संपण्याच्या काळजीने मूशो यांनी सुरू केलेलं काम आज याच हिशेबाने पुढे चाललं आहे.