फ्लॉरेन्स नाइटिंगेल: युद्धातली रोगराई आकड्यांत पकडणारी नर्स

फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटलं की हातात दिवा घेतलेली नर्स आठवते. पण त्यांची दुसरी ओळख आज जास्त कामाची आहे. त्या पक्क्या डेटावाल्या होत्या.

जन्म १२ मे १८२०. गणिताची आवड लहानपणापासून. नोव्हेंबर १८५४ मध्ये ३८ परिचारिका घेऊन त्या तुर्कस्तानात स्कुटारीच्या लष्करी हॉस्पिटलात पोचल्या. क्रिमियन युद्ध चालू होतं. सैनिक गोळीने कमी आणि कॉलरा, हगवण, टायफसने जास्त मरत होते. त्यांनी जेवण, कपडे, झाडलोट सुधारली, तरी हिवाळ्यात मृत्यू वाढतच गेले. इमारतीखालची गटारं तुंबली होती, पाणी दूषित होतं. मार्च १८५५ मध्ये आलेल्या स्वच्छता आयोगाने ते दुरुस्त करवून घेतलं आणि मृत्यू झपाट्याने उतरले.

याचा खरा अर्थ त्यांना युद्धानंतर उमगला. संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्यासोबत त्यांनी महिनावार नोंदी तपासल्या. आपल्याच हॉस्पिटलात टाळता येण्यासारख्या आजारांनी हजारो गेले, हे आकडे सांगत होते. त्यांनी ते दडवलं नाही. उलट १८५८ मध्ये पाकळ्यांसारखा आलेख छापला: निळा रंग टाळता येणाऱ्या आजारांचा, लाल जखमांचा. निळाच सगळीकडे पसरलेला! आकडे न वाचणाऱ्या मंत्र्यालाही एका नजरेत कळावं, म्हणून.

भारतात त्या कधीच आल्या नाहीत. पण इथल्या लष्करी छावण्यांकडून पाणी, गटारं, आजार यांची माहिती प्रश्नावलीने मागवली गेली, तिचं विश्लेषण त्यांनी केलं. तो अहवाल १८६३ मध्ये आला. पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही त्यांचा पत्रव्यवहार होता. १९१० मध्ये त्या गेल्या.

त्यांचे आलेख साथ होऊन गेल्यावरचे होते. आता अंदाज आधी येतो. २०१८ मध्ये युद्धग्रस्त येमेनमध्ये उपग्रहांवरून मिळालेला पावसाचा आणि तापमानाचा डेटा, शिवाय लोकवस्तीची माहिती वापरून कॉलरा कुठे वाढेल ते आधीच सांगितलं गेलं. मदत तिकडे वळवता आली.

परळी वैजनाथला युद्ध नाही. पण महाशिवरात्रीची गर्दी आहे, उन्हाळ्यातले टँकर आहेत. उपग्रहाला पाऊस दिसतो, फुटलेली पाइपलाइन दिसत नाही. गल्लीत दोन-चार घरी एकदम जुलाब सुरू झाले, तर आशाताईंना किंवा आरोग्य केंद्राला लगेच कळवा. ती नोंद आज झाली, तर तुमच्या गल्लीचा आलेख निळा होण्याआधी पाणी तपासलं जाईल.