शमीच्या सावलीतले गुरू : श्री जांभोजी

॥ श्री गुरवे नमः ॥



दसऱ्याला आपण शमीची पूजा करतो, गणपतीच्या पत्रीतही तिची पानं लागतात. ग्वाल्हेरचं शिंद्यांचं शमीपूजन तर आपल्यातल्या कित्येकांनी पाहिलंय. पण एरवी वर्षभर ह्या झाडाकडे आपलं लक्ष कुठे असतं! राजस्थानात ह्याच शमीला खेजडी म्हणतात, आणि तिथे एका गुरूंनी तिला रोजच्या जगण्यात आणून बसवलं. बिश्नोई पंथाचे संस्थापक श्री गुरू जांभेश्वर, म्हणजेच जांभोजी, ह्यांच्याविषयी आज थोडंसं.

नागौर भागातल्या पीपासर गावी 1451 साली, जन्माष्टमीच्या दिवशी त्यांचा जन्म झाला. वडील लोहटजी पंवार, आई हंसादेवी. एकुलता एक मुलगा. पहिली सात वर्षं मुलगा बोललाच नाही, असं सांगतात. पुढे तो गुरं राखायला जाऊ लागला, आणि ते थोडेथोडके दिवस नाही, तब्बल 27 वर्षं!

त्यांच्या चमत्कारांच्या कथा पुष्कळ आहेत. मला विचाराल तर त्या सगळ्यांपेक्षा ही 27 वर्षं मोठी. वाळवंटात दिवसभर गुरांमागे फिरणाऱ्याला कुठल्या झाडाखाली भर उन्हाळ्यातही सावली मिळते, काळविटं कुठे पाण्याला येतात, हे कुणी शिकवावं लागत नाही. खेजडीची मुळं खोल जातात, म्हणून सगळं रान वाळलं तरी ती हिरवी राहते. पाला गुरांना, शेंगा म्हणजे सांगरी भाजीला, आणि तिच्या आसपास बाजरीही चांगली येते. असं झाड म्हणजे घरातलं कर्तं माणूसच की!

आईवडील गेल्यावर त्यांनी घरदार सोडलं आणि समराथळच्या वाळूच्या टेकडीवर येऊन राहिले. त्या सुमारास मोठा दुष्काळ पडला. लोक गुरं घेऊन माळव्याच्या वाटेला लागले होते, जांभोजींनी त्यांना धान्य देऊन थांबवलं, अशी परंपरा आहे. 1485 साली, दिवाळीच्या आठवडाभर आधी, त्याच टेकडीवर त्यांनी मंतरलेलं पाणी देऊन लोकांना पंथात घेतलं. वेगवेगळ्या जातींचे लोक आले. नियम दिले 29. वीस आणि नऊ, म्हणून बिश्नोई, असं म्हणतात.

हे नियम वाचताना मला फार गंमत वाटली. झाडाझुडपांचा असा वेगळा भागच नाही त्यात! पहाटे स्नान करा, खोटं बोलू नका, चोरी करू नका, क्षमा ठेवा, विष्णूचं भजन करा, आणि त्याच ओळीत हिरवं झाड तोडू नका. बाळंतिणीला 30 दिवस कामापासून दूर ठेवा, हाही त्यातलाच. आणि बरेचसे नियम थेट स्वयंपाकघरातले. पाणी आणि दूध गाळून घ्यायचं. सरपण, गोवऱ्या चुलीत घालण्याआधी नीट बघून झटकायच्या, आत किडा-मुंगी असेल तर जळून जाईल म्हणून. बोलणंसुद्धा गाळून बोलायचं, तेही ह्याच नियमात! म्हणजे चूल पेटवणारी बाई दिवसातून दोन-तीन वेळा हातात काटकी घेऊन त्या इवल्या जिवाची आठवण काढणार. रोज असं करणाऱ्या हाताला हिरव्या फांदीवर कुऱ्हाड घालणं कसं जमेल?

बोकड, एडके कसायाला विकायचे नाहीत, सगळ्यांनी मिळून त्यांचा सांभाळ करायचा, असाही एक नियम आहे. पंथात मृतांना पुरण्याची रीत आहे, त्यामुळे चितेचं लाकूडही वाचतं. आपल्याला हे पटायला जड जाईल, मलाही गेलं. पण जिथे झाडं मोजकीच, तिथे त्याचा अर्थ कळतो.

1536 साली लालासर इथे जांभोजींनी देह ठेवला. समाधी बिकानेरकडे मुकाम गावी आहे.

त्यांच्यामागे जवळजवळ दोनशे वर्षांनी ह्या सवयींची परीक्षा झाली. 1730 साली जोधपूरचे महाराजा अभयसिंह नवा महाल बांधत होते. चुन्याच्या भट्टीला लाकूड हवं म्हणून त्यांची माणसं खेजडली गावात कुऱ्हाडी घेऊन आली. तिथल्या अमृतादेवी झाडाला मिठी मारून उभ्या राहिल्या. त्यांच्यावर घाव पडला, मागोमाग त्यांच्या तीन मुलींवर. आजूबाजूच्या गावांतून लोक येत गेले, एकेक झाड धरत गेले. 363 जण गेले. कुणी शस्त्र उचललं नाही. महाराजांना कळल्यावर त्यांनी तोड थांबवली आणि बिश्नोई गावांत झाड तोडायला, शिकार करायला बंदी घातली.

अमृतादेवी आपल्यासारखीच घर सांभाळणारी बाई. त्या सकाळीही तिनं पाणी गाळलं असेल, सरपण झटकलं असेल.

इंदूरहून फार लांब नाही, आपल्या हरदा जिल्ह्यातही बिश्नोई गावं आहेत. राजस्थानात तर आई मेलेल्या हरणाच्या पाडसाला तिथल्या बायका स्वतःचं दूध पाजतात. मुकामला वर्षातून दोनदा अमावास्येला मोठी यात्रा भरते. एक त्यांच्या फाल्गुनात, म्हणजे आपल्या माघात, आणि दुसरी आपल्या सर्वपित्रीला. येणारे लोक हवनासाठी तूप आणतात, आणि पाखरांसाठी धान्य.

॥ श्रीगुरुचरणार्पणमस्तु ॥