ओवी गाणारे पाद्री

ज्ञानेश्वरीतील ओवीचा नाद आपणांस परिचित असेल. त्याच छंदात, उत्पत्तीच्या कथेपासून प्रभू येशूच्या चरित्रापर्यंत, सुमारे अकरा हजार ओव्या रचणारे फादर थॉमस स्टीफन्स जन्माने इंग्रज होते.

इ.स. १५४९ च्या सुमारास विल्टशायर परगण्यात त्यांचा जन्म झाला. इंग्लंडमध्ये कॅथॉलिकांचा छळ होत असता ते रोमला गेले व १५७५ मध्ये येशूसंघात दाखल झाले. २४ ऑक्टोबर १५७९ रोजी ते गोव्यास उतरले आणि १६१९ साली मृत्यू येईपर्यंत तेथेच, बहुतेक काळ साष्टी प्रांतात, राहिले.

साष्टीत त्यांना काय दिसले असेल, याचा विचार करा. पोर्तुगीज सत्तेने देवळे पाडली होती, जुन्या पोथ्या हिरावून घेतल्या होत्या. नव्या ख्रिस्ती लोकांच्या हाती आली ती पाठ करावयाची प्रश्नोत्तरे. फादर स्टीफन्स यांच्या काव्यात एक ख्रिस्ती झालेला ब्राह्मण पाद्रींपुढे हेच गाऱ्हाणे मांडतो: आमची पुराणे गेली, आता दुसरे पुराण तरी द्या. या मागणीचे उत्तर म्हणजे त्यांचे ख्रिस्तपुराण.

तेथील लोकांची बोली कोकणी. फादर स्टीफन्स यांनी तिचे व्याकरणही लिहिले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १६४० साली छापले गेले. परंतु पुराण ऐकण्याची लोकांची सवय मराठी ओवीची, म्हणून त्यांनी मराठीच घेतली आणि तीत कोकणी शब्द मिसळले. ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले, चौथा आखूड व मोकळा. तीन वेळा ध्वनी परतून येतो आणि चौथ्या चरणाशी गाणारा श्वास घेतो. अक्षरओळख नसलेल्यासही ती मुखोद्गत होते. मराठीची थोरवी सांगताना त्यांनी रत्ने, फुले, पक्षी अशा उपमांची माळच गुंफली आहे. स्वर्गाला वैकुंठ म्हणण्याचे धाडसही त्यांनी केले. आम्हां भाषांतरकारांमध्ये असा शब्द आज सुचवला, तर सभा दोन दिवस चालेल!

लिपीने मात्र त्यांची निराशा केली. या देशाच्या लिपीत ग्रंथ छापावेत, ही त्यांची इच्छा १६०८ च्या पत्रात आढळते. परंतु त्यासाठी सुमारे ६०० ठसे पाडणे अशक्य मानले गेले. म्हणून १६१६ साली राशोल येथे हे मराठी काव्य रोमी अक्षरांत छापले गेले.

देवळांतून ते वाचले व गायिले जाऊ लागले. १६४९ व १६५४ मध्ये पुन्हा छापले गेले. पण या तिन्ही मुद्रणांची एकही प्रत आजवर हाती लागलेली नाही. १६८४ साली पोर्तुगीज सरकारने लोकभाषेविरुद्ध फर्मान काढले. तरी हस्तलिखिते उरली, कारण गोवा सोडून दक्षिणेस गेलेल्या कुटुंबांनी ती उतरून घेतली, जपली. त्यांच्याच आधारे १९०७ मध्ये मंगळूर येथे जोसेफ सालढाणा यांनी संपादित आवृत्ती काढली. तीही रोमी लिपीतच होती. पुढे लंडनमध्ये देवनागरीतील एक हस्तलिखित उजेडात आले, आणि १९५६ साली पुण्यात शांताराम बंडेलू यांनी हे पुराण देवनागरीत छापून मराठी वाचकांच्या हाती दिले.