रावबहादूर लोखंडे आणि त्यांचा ‘दीनबंधु’

वर्तमानपत्रानें बातमी द्यावी, मत सांगावें आणि तेथेंच थांबावें, असें मानणारा एक सुज्ञ वर्ग आहे. आमच्या वर्गणीदारांतही तो आहे. आणि संपादक सभांतून फिरूं लागला कीं त्याची लेखणी एका पक्षाची होते, ही त्या वर्गाची भीति अगदींच निराधार नव्हे. परंतु या प्रश्नाचा निकाल देण्यापूर्वीं ज्या गृहस्थाचें चरित्र डोळ्यांपुढें ठेवावें असें आम्हांस वाटतें, ते मुंबईचे रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे होत.

लोखंडे यांचा जन्म १८४८ सालीं ठाण्यास, फुलमाळी ज्ञातींतील एका सामान्य स्थितीच्या कुटुंबांत झाला. शिक्षण बेताचें. रेल्वे व टपालखातें यांत कांहीं काळ नोकरी करून ते मुंबईस मांडवीच्या एका कापडगिरणींत कोठाराचे कारकून, म्हणजे स्टोअरकीपर झाले. हीच नोकरी त्यांची खरी शाळा ठरली. त्या काळीं गिरणीचा दिवस सूर्योदयाबरोबर सुरू होई व सूर्यास्तास संपे. उन्हाळ्यांत तो तेरा-चौदा तासांवर जाई. पगाराची तारीख नेमलेली नसे. १८८१ च्या फॅक्टरी कायद्यानें सात वर्षांखालील मुलांस कामावर घेण्याची बंदी केली व बारा वर्षांपर्यंतच्या मुलांचे तास नऊ ठरविले. वयांत आलेल्या माणसानें किती तास राबावें याविषयीं त्यांत एक अक्षरही नव्हतें.

जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे (स्थापना १८७३) लोखंडे हे अनुयायी. ‘दीनबंधु’ हें पत्र १८७७ सालीं पुण्यास कृष्णराव भालेकर यांनीं काढिलें होतें. शेतकरी व कामकरी यांचें गाऱ्हाणें मांडणाऱ्या पत्रास वर्गणीदार कोठून मिळावेत? तें कर्जांत बुडालें. १८८० सालीं लोखंडे यांनीं तें मुंबईस आणून आपल्या अंगावर घेतलें. ज्यांच्यासाठीं पत्र, त्यांतील बहुतेकांस वाचतां येत नाहीं, आणि ज्यांस वाचतां येतें त्यांस तें रुचत नाहीं, अशा पेचांत तें चालवावयाचें होतें. येथें एक गोष्ट झांकून ठेवणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. जोतीरावांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथाचा आरंभींचा भाग ‘दीनबंधु’त छापून पुढील भाग छापण्याचें लोखंडे यांनीं टाळलें, आणि जोतीराव त्यामुळें रुष्ट झाले. संपादकाच्या भित्रेपणाचा हा दाखला म्हणावा, कीं पत्र जिवंत ठेवण्याची काळजी? आमच्या मतें दोन्हीं.

पण गिरणीच्या बाबतींत हाच मनुष्य मागें सरला नाहीं. १८८४ सालीं मुंबई सरकारनें कमिशन नेमिलें, तेव्हां सप्टेंबर महिन्यांत लोखंडे यांनीं परळास सुपारीबागेंत कामगारांच्या सभा भरविल्या व सुमारें ५,५०० सह्यांचा अर्ज तयार केला. मागण्या पाहाव्यात: आठवड्यास रविवारची पुरी सुटी, दुपारीं अर्धा तास विसांवा, काम सकाळीं साडेसहापासून सूर्यास्तापर्यंत, पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आंत, आणि कामावर जायबंदी झालेल्यास बरा होईपर्यंत पगार, जन्माचा अधू झाल्यास पोटाची तजवीज. यांत अतिरेकाचें एकही कलम कोणी दाखवावें! गिरणी एक दिवस थांबली कीं यंत्रांतील भांडवल तितका वेळ निजून राहतें, हा हिशेब आमच्या व्यापारी वाचकांस सांगणें नको. पण उसंत न मिळालेल्या माणसाच्या हातून सूत किती तुटतें, हीही बाब त्याच वहींत मांडावयाची असते.

अर्जास सहा वर्षें लोटलीं. २४ एप्रिल १८९० रोजीं महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारें दहा हजार कामगार जमले, आणि त्या सभेंत दोन कामगार स्त्रियांनीं भाषणें केलीं. १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांच्या संघानें साप्ताहिक सुटी मान्य केली. हिंदुस्थानांत रविवारची सुटी लोखंडे यांनींच आणिली असें कोणी म्हणतात तें बरोबर नाहीं. सरकारी कचेऱ्यांस ती पूर्वींच होती. साहेबाच्या कारकुनास जें होतें तें साच्यावरील मजुरास त्यांनीं मिळवून दिलें, आणि एवढें श्रेय थोडें नव्हे. पुढें १८९१ च्या कायद्यांत साप्ताहिक सुटी आली, स्त्रियांचे तास अकरा ठरले.

लोखंडे हे संपाचे पुढारी नव्हत, अर्जाचे होते. त्यांच्या गिरणीकामगार सभेस ना सभासदांची यादी होती, ना फंड, ना लेखी नियम. तेव्हां ही सभा म्हणजे वस्तुतः संपादक आणि त्याचें पत्र, एवढीच. तिचें बळ तेंच आणि तिची उणीवही तीच.

त्याच १८९० सालीं त्यांनीं आणखी एक काम केलें. विधवांच्या केशवपनाविरुद्ध सुधारकांचे ठराव व लेख पुष्कळ झाले होते. लोखंडे थेट वस्तऱ्यापाशीं गेले. मुंबईंत न्हाव्यांची सभा भरवून शेंकडों जणांकडून त्यांनीं विधवांचें केशवपन न करण्याचा निश्चय करविला. चाल एका सभेनें बंद पडली नाहीं, हें उघड आहे. पण तिजवर पैसा मिळविणाऱ्यांनींच तो नाकारिला.

१८९३ सालीं मुंबईंत हिंदु-मुसलमानांचा दंगा झाला, तेव्हां राणीच्या बागेंत सलोख्याची सभा भरविण्यांत ते पुढें होते. १८९५ त सरकारनें त्यांस रावबहादूर केलें. नंतर प्लेग आला. ज्यांस शक्य होतें ते शहर सोडून गेले. लोखंडे रोग्यांच्या शुश्रूषेस राहिले, आणि फेब्रुवारी १८९७ मध्यें त्याच रोगानें वारले. वय पन्नासही नव्हतें.

‘दीनबंधु’ त्यांच्या मागें वासुदेवराव बिर्जे यांनीं चालविला. बिर्जेही वारले, तेव्हां त्यांच्या पत्नी तानूबाई यांनीं संपादकाचें काम हातीं घेतलें व कांहीं वर्षें पत्र चालू ठेविलें.