आजचे मनन : डोंगरावरील प्रवचन आणि रेव्ह. टिळक

शास्त्रभाग : मत्तय, अध्याय 5, वचने 1 ते 12



ईश्वरविज्ञान शिकायला सुरुवात कुठून करायची, असं नवीन विश्वासणारे विचारतात. जाड ग्रंथ उघडण्याआधी मी त्यांना एका माणसाचं आयुष्य सांगते.

नारायण वामन टिळकांचा जन्म 1861 सालचा, कोकणातल्या करजगावचा. ब्राह्मण घर, संस्कृतचा व्यासंग, हाडाचे कवी. तिशीच्या सुमारास ते आपल्या नागपुरात आले. आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने इथे संस्कृत ग्रंथांचं काम करीत. 1893 साली राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाची गाठ पडली. बोलणं रंगलं आणि उतरताना त्यांनी टिळकांच्या हाती नवा करार दिला. वाचीन, असा शब्द टिळकांनी दिला होता. आपण आज वाचतो आहोत त्याच अध्यायांशी ते पोचले, आणि तिथून त्यांना हलवेना.

10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. इथे आपण पटकन हालेलुया म्हणतो. पण जरा थांबा. लक्ष्मीबाईंवर तर आभाळच कोसळलं. काही वर्षं नवरा-बायको वेगळी राहिली. पुढे त्या नगरला त्यांच्याकडे आल्या, तरी लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो स्वतःच्या विश्वासाने.

शोक करणाऱ्यांना प्रभू धन्य म्हणतो, ते वचन वाचताना मला टिळकांच्या आधी लक्ष्मीबाई आठवतात. एकाच्या आज्ञापालनाची किंमत घरातलं दुसरं कुणी रडून मोजत असेल, तर त्या रडणाऱ्याला प्रभूच्या धन्यवादात जागा आहे का? आहे, असं मी मानते. धन्य कोण, हे प्रभूने धर्म विचारून ठरवलं नाही.

आता ईश्वरविज्ञानाकडे येऊ. ख्रिस्त कोणत्या भाषेत, कोणत्या चालीत आपल्या घरी येतो, हा आधुनिक ईश्वरविज्ञानाचा मोठा प्रश्न. टिळकांनी तो पुस्तकात मांडण्याआधी जगून दाखवला. परदेशी चालींवरच्या भाषांतरित गीतांच्या जोडीला त्यांनी अभंग दिले, भजन आणि कीर्तन मंडळीत आणलं. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते मानीत. ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या हातून अपुरं राहिलं. ते लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. एकेकाळी ज्या विश्वासाने त्यांचं घर मोडलं होतं, त्याचीच गाथा त्यांनी लिहिली!

1917 साली मिशनची नोकरी सोडून टिळकांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही येशूभक्त तिथे भाऊबंद. 9 मे 1919 रोजी मुंबईत ते प्रभूजवळ गेले.

आज एवढंच करा. बारा वचनं आपल्या घरच्या बोलीत मोठ्याने सांगा, आणि घरात जो तुमच्या विश्वासामुळे दुखावला असेल, त्याच्याजवळ दोन घटका बसा. काही पटवू नका, नुसतं ऐका.

प्रार्थना : हे प्रभू, तुझ्यामागे चालताना आमच्या माणसांचे अश्रू आम्हाला दिसू दे. आमेन.